आलं का

अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याला रात्री एक लाल दिवा असतो.
गावाबाहेरून येणारे त्याच्यावरून घराची दिशा धरतात.
मी त्याच्याकडं बघतो ते एवढ्यासाठी,
की तो विझला तर पहिला फोन मला येणार.

नव्या प्रक्षेपणाचा नकाशा वरून आला.
शहर हिरवं, कोरेगाव हिरवं, वर्ये, लिंब, शेंद्रे हिरवी,
आणि डोंगरामागं पांढरं.
संगणकानं डोंगर मोजले होते,
उंबरे नव्हते मोजले.
"जाऊन बघा," साहेब म्हणाले, "अंदाजच आहे शेवटी."

इकबाल मुलाणीनं गाडी काढली.
परळीच्या पुढं रस्ता उरमोडीच्या पाण्याकडेनं वळतो
आणि मीटरवरचा आकडा
कठडा धरून जिना उतरणाऱ्या माणसासारखा
एकेक पायरी खाली येतो.

जुनं चित्र म्हातारं व्हायचं.
मुंग्या यायच्या, बातम्या देणाऱ्या बाईला दोन सावल्या फुटायच्या,
तरी कळायचं, धरणात पाणी किती, कांदा काय भावानं.
नव्याला म्हातारपण नाही.
आहे तोवर लख्ख,
मग चौकोन चौकोन निखळतात
आणि एकदम काळं.
साहेब याला कडा म्हणतात.
आमच्याकडं कड्यांना तोटा नाही.

वरच्या शेलारवाडीत दोन घरं, मधे एक कूड.
कुडाला टेकून बांबू, बांबूवर जुनी अँटेना,
तिच्या काड्यांवर दोडक्याचा वेल चढलेला.
इकडं गेनू शेलार, तिकडं हैबती. सख्खे.
बांधावरून बोलणं तुटलं त्याला अकरा वर्षं.
जमीन वाटली, भांडी वाटली, म्हैस विकून पैसे वाटले,
अँटेना मात्र वाटता येईना.
तिच्यातूनच दोन्हीकडं वायर गेलेली.

"तरीबी रविवारी बोलायचंच," इठाबाई सांगत होती,
"आमचं हे कौलावर, भावजी खाली.
आलं का? न्हाई. आता? गेलं की. आता?
थांब, हलू नगंस.
तेवढंच. पिच्चर सुटला की परत मुकं."

पुढं दोघांनी दोन छत्र्या बसवल्या.
छत्रीला कुणाला हाक मारावी लागत नाही.

आम्ही गल्लीत दहा मीटरची काठी उभी केली.
इकबालचा खांदा आखडलेला,
म्हणून गेनू धोतराला हात पुसत आला
आणि काही न विचारता त्यानं काठी धरली,
धरायची कशी हे हाताला ठाऊक असलेल्या माणसासारखी.
मी गाडीत पडद्यासमोर.
माझ्या मागं कधीतरी हैबती येऊन उभा राहिला.
तंबाखूचा वास आला, तेव्हा कळलं.

"आलं का?"
गेनूनं नेमकं कुणाला विचारलं, सांगता येणार नाही.
मी तोंड उघडलं.
इकबालनं माझ्या पायावर पाय दिला.

"न्हाई," हैबती म्हणाला.
बराच वेळ गेला. कुठंतरी कुणी पंप चालू केला.
"आता?"
"जरा सज्जनगडाच्या अंगाला घे."
"आता?"
"लई झालं. माघारी. माघारी ये थोडा.
थांब."

पडद्यावर एका बाईचा अर्धा चेहरा आला.
उरलेला अर्धा चौकोनांतच राहिला.
आकडा दोन डेसिबलनं कमी.
माझ्या तक्त्यात दोनच रकाने आहेत, होय आणि नाही,
आणि नियमानं हे नाही.
मी पेन काढलं, टोपण काढलं,
परत लावलं.

बाहेरून गेनू म्हणाला, "सोडू का हात?"
हैबतीनं नजर हलवली नाही.
पडदा एव्हाना सगळाच काळा झाला होता.
"नगंस," तो म्हणाला,
"बातम्या व्हायच्यात अजून."

आम्हाला आणखी चार वाड्या करायच्या होत्या.
इकबालनं चावी फिरवून
इंजिन बंद केलं.