न्हाणीमागचं अळू

धाकू मिस्त्री आला तो घरात शिरलाच नाही.
चहा राहू द्या म्हणाला,
वहाणा गडग्याशी काढल्या
आणि घराभोवती अनवाणी एक फेरा घातला,
तळव्यांनी वाचत.

मी आतूनच बोट दाखवत होते.
ही भिंत बघा, कमरेपर्यंत लोणा चढलाय,
दोनदा रंग दिला, दोनदा फुगून पडला.
ही ट्रंक, हिचं बूड गंजून जमिनीवर उमटलंय.
हा कोबा, भर चैत्रात पायाला चिकटतो.
बोटीवरून यांचा फोन येतो:
वॉटरप्रूफिंगचा डबा आण, दोन हात मार.
मी मारले. चार मारले.

धाकूने तांब्याभर पाणी मागितलं.
वाटलं, तहान लागली असेल.
त्याने ते कोपऱ्यात ओतलं, जोत्यापासून हातभर लांब,
आणि उकिडवा बसून राहिला.
पाणी क्षणभर थबकलं,
मग गोठ्याकडे वळणाऱ्या गाईसारखं
सरळ भिंतीकडे चालू लागलं.
"बघितलंत? वाट पाठ आहे त्याला."

न्हाणीमागे गेला तेव्हा हसला.
तिथे माझं अळू.
सुपाएवढी पानं, काळे देठ, ऐन उन्हाळ्यात हिरवंगार.
पाखाडीवरून जाणारी बाई थांबून विचारायची,
काय घालतेस गं याला?
काही नाही, न्हाणीचं पाणी, मी म्हणायचे,
आणि गणपतीत वाडीभर जुड्या वाटायचे.
"कुणाच्या जिवावर माजलं हे?" धाकू म्हणाला
आणि पहार घातली.

दोन हात खाली चिरा लागला.
लागला म्हणजे, पहार त्यात शिरली.
सासऱ्यांनी खाणीवर उभं राहून
एकेक चिरा वाजवून घेतला होता म्हणे.
आता भिजल्या नाचणीच्या भाकरीसारखा
बोटाने तुकडा पडत होता.
सतरा वर्षं
आम्ही घर वाढून घेतलं ताटात,
चिंच-गूळ घालून, वर दाणे, खोबऱ्याचे काप,
आणि पाहुण्यांना म्हटलं, घ्या की अजून.

काम नऊ दिवस चाललं.
एक सडका चिरा काढायचा, एक नवा बसवायचा,
मगच पुढच्याला हात.
"सगळे दात एकदम उपटले तर तोंड बसतं, वहिनी."
मातीला बाहेरचा उतार, हातामागे चार बोटं.
पागोळी पडते तिथे खडी. न्हाणीला पाइप.
आणि एक चर, घराला वळसा घालून
खाली उतरत गडग्यापाशी थांबलेला.
पलीकडे नसीम परकारची पडवी.

"इथवर माझं काम," धाकू म्हणाला.
"पुढे तुमचं तोंड."

तोंड बंद होतं. फणसाच्या एका फांदीवरून,
आठ पावसाळे.
न बोलताही भागलं असतं.
पाणी गेलंच असतं मुकाट, रात्रीतून,
तिच्या जोत्याखाली.

गेले. हातात नेण्यासारखं काही नव्हतं, अळूसुद्धा.
नसीमने सगळं ऐकून घेतलं,
मग उठून माजघरातली चटई उचलली.
खाली काळपट ओल, दारापासून पार पलंगापर्यंत.
"मला वाटायचं, खाजणातलं भरतीचं पाणी वर येतंय."
खाजण तिथून तीनशे पावलांवर.
त्या ओलीत मला
आमच्या सतरा वर्षांच्या आंघोळी दिसल्या.

चर आता गडग्याखालून दोघींच्या मधून जातो.
खर्चाचे तीन वाटे केले, दोन माझे.
फणसाचं अजून कुणी काढलेलं नाही.

आज श्रावणातली तिसरी रात्र, झड थांबत नाही.
वीज गेलीय. अंथरुणातून हात लांबवून
मी भिंत चाचपते.
कोरडी नाही. धाकू म्हणाला होता,
दोन उन्हाळे तरी लागतील.
बाहेर चर बडबडतोय, बडबडतोय,
आणि मध्येच त्याचा आवाज घुसमटतो.
झावळ अडकली असणार.
इरलं शोधत, चडफडत मागच्या दारी येते,
तर गडग्यापलीकडे बॅटरीचा उजेड,
आधीच खाली वाकलेला.