तुलनात्मक तक्ता

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
मी खरेदी खात्यात होतो.
तीन कोटेशनं आल्याखेरीज
साधा वॉशरही घेतला नाही कधी.
ही लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली,
किराणा माझ्याकडे आला,
तेव्हा म्हटलं, यात काय मोठंसं.

कागद आडवा धरला. पट्टीने रेघा मारल्या.
डावीकडे जिन्नस, वर दुकानं:
कोपऱ्यावरचा वेलजी,
शिवाईनगरचं अंबिका,
तो नवा गारेगार मॉल, जिथली ढकलगाडी
सारखी डावीकडे ओढते,
आणि जांभळी नाका, होलसेल.

तूरडाळ: एकशे बावन्न, एकशे अठ्ठेचाळीस,
मॉलात एकशे एकोणचाळीस
(पाकीट नऊशे ग्रॅमचं. अक्षर इतकं बारीक
की खिशातून भिंग काढावं लागलं.
म्हणजे किलोला एकशे चोपन्न. पकडलं.)
नाक्यावर एकशे तीस, पाच किलो घेतली तर.
शेंगदाणे अंबिकात स्वस्त, पण दहात एक खवट.
साबण तिनावर एक फुकट.
घरात अंघोळीला सध्या मी एकटा.

नाक्याला जाऊन आलो.
डाळीत वाचले एकशे दहा,
येताना ओझं म्हणून रिक्षा, ऐंशी,
खांद्याला मलम, पंचाण्णव.
या रकान्याला काय नाव द्यावं, सुचलं नाही.

मग हिची वही काढली, पिठाच्या डब्यामागची.
वाणसामानाचा अकरा वर्षांचा हिशोब, पेन्सिलीत.
स्वस्ताला टिकली, महागाला फुली.
पोहे टिकली, रवा टिकली, खोबरं दिवाळीच्या आधीच घेतलेलं, टिकली.
आमच्या साहेबांनी पाहिलं असतं तर
मला घरी बसवून हिला नेमलं असतं.
फक्त चहापत्ती.
दर आठवड्याला शंभर ग्रॅम, वेलजीकडून, फुली.
चार रुपये जास्त देऊन, जाणूनबुजून, फुली.
अर्धा किलो एकदम आणावी, तर तेही नाही.
गुणाकार केला:
दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपये.

रात्री फोन लावला. म्हटलं,
चहापत्तीत तुझं नुकसान होतंय.
किती, म्हणाली.
सांगितलं.
थोडा वेळ नुसतं बाळाचं रडणं ऐकू आलं.
मग म्हणाली,
"त्याच्या दुकानाबाहेर खुर्ची आहे."
आणि दूध उतू चाललंय म्हणून
फोन ठेवून दिला.

सकाळी पाहिली मी ती खुर्ची.
लाल, प्लास्टिकची, एक पाय तारेने आवळलेला.
रोज तिच्यापुढून जात आलोय
पेपर काखेत मारून.
वेलजीच्या जिगरने पुडी बांधली.
"काकी कधी येणार?" म्हणाला,
मला त्याने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

टेकलो.
इथून आमची खिडकी दिसते.
तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या,
दोन पिशव्या, आणि तिचा उजवा गुडघा,
ज्याचं ती बोलली असेल एकदा-दोनदा,
मी तेव्हा पेपरात असेन.
खिडकीतून दिवा दिसत होता.
मी तो तसाच जळता ठेवून आलो होतो.

घरी येऊन तक्त्यात एक रकाना वाढवला.
वर लिहिलं: बसायला.
तीन चौकटी रिकाम्या.

साखर मात्र अजून अंबिकातूनच आणतो,
किलोमागे दोन रुपये म्हणजे दोन रुपये.
येताना वेलजीच्या खुर्चीवर बसतो पाचेक मिनिटं,
पिशवी पायांमागे, जिगरला दिसणार नाही अशी.
परवा त्याने हळूच विचारलं,
"काकीपण तिथंच ठेवायच्या."