पक्का रंग

बाहेर सत्तेचाळीस अंश.
अमरावती रोडवर डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि आम्ही प्रयोगशाळेत, दारं-खिडक्या लावून,
दिवा पेटवतो. नकली सूर्य, मोजूनमापून.
बुराडे सर म्हणतात, नागपुरात राहून ऊन विकत आणणारे आपणच.

काचेवर जांभळ्या शाईचा एक थेंब,
चकती गरगर फिरते
आणि उरतो कांद्याच्या पापुद्र्याहून
शेकडो पट पातळ थर.

ऊन या थरात थांबत नाही.
पुष्कळसं सरळ निघून जातं,
कुलूप पाहून पोस्टमन जावा तसं.
थर जाड केला तर अडतं,
पण आत जन्मलेला विद्युतभार
दारापर्यंत पोचायच्या आत विझतो.
पातळ तर उपाशी, जाड तर अजीर्ण.
दोन वर्षं याच उंबऱ्यावर बसले आहे मी.

परवा कोष्टीपुऱ्यात, जेवताना, बाबांना सांगितलं.
भाकरी मोडता मोडता त्यांनी ऐकलं.
नखांच्या मुळाशी निळा, चाळीस वर्षांचा.
"एका बुडीत रंग चढते का कधी?
काढाचं, पिळाचं, पलटवाचं, पुन्हा बुडवाचं.
तू उन्हाले एकाच बुडीत काहून सोडतं?"

मी हसले.
मग हात वाळेपर्यंत ताटावरच बसून राहिले.

थराच्या पाठीवर आता बारीक चऱ्या आहेत,
आईच्या करवती काठासारख्या, दात्यादात्यांच्या.
ऊन येतं, चरीला धडकतं, वाकतं,
थराच्या अंगातून आडवं चालत राहतं
बाहेरची वाट विसरल्यागत.
थर तेवढाच. मुक्काम वाढला.

वहीत: आधी नऊ पूर्णांक आठ, आता अकराला थोडा कमी.
सरांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजायला लावलं.
तिसऱ्यांदाही तेच.

नियम मोडून एक काच घरी आणली.
बाबांनी ती आभाळाकडे धरली, एक डोळा मिटून.
"जांभळी झाक हाय. पक्का हाय का?"

तेवढं मला माहीत नव्हतं.

ते गच्चीवर गेले.
कठड्यावर, जिथे त्यांच्या सुताच्या लडी
उन्हाच्या परीक्षेला बसतात, तिथेच काच ठेवली,
अर्धी पुठ्ठ्याने झाकली,
शेजारी कोळशाने तारीख लिहिली.

"पाहू पोळ्याले."