सव्वासहा फूट

बुधवारचा जुना बाजार. नळाच्या तोट्या,
इस्त्रीचे तळवे, एकाच पायाचे तीन बूट,
आणि त्यांच्यात उताणी पडलेली
ऐंशीची लेन्स.
विकणारा म्हणाला, दुर्बिणीचा तुकडा आहे, पाचशे द्या.
मी तीनशे दिले. घासाघीस करताना
हात थरथरत होता, म्हणून तो मागे लपवला.

कडेला कोरलेलं नाव
आता नकाशात नसलेल्या एका देशाचं.
आत बुरशी : पुण्याच्या कितीतरी पावसाळ्यांनी
सावकाश विणलेली जाळी.
फोकसची रिंग फिरता फिरेना.
वंगणाचा गूळ झालेला.

लुकतुक्यांचं दुकान रास्ता पेठेत,
झेरॉक्सवाला आणि पिठाची गिरणी यांच्यामध्ये,
कपाटाएवढं.
त्यांनी लेन्स कानाशी नेऊन हलवली,
नारळ बघतात तशी.
"काच शाबूत आहे. वेळ लागेल.
सारखे फोन करायचे नाहीत."

आणि मग थांबले. चष्मा कपाळावर.
अंतराच्या आकड्यांत, सहा आणि सातच्या मध्ये,
सहाला जरा लगटून,
एक लाल ठिपका.

"स्टुडिओतली आहे ही," म्हणाले.
"कॅमेरा इथं, स्टूल तिथं. रोज कोण मोजत बसणार?
पासपोर्टवाले, मुलगी दाखवायचे फोटो,
बारशाची रडकी पोरं,
सगळी या ठिपक्यावर बसून गेली."
नखानं हळूच टोकरून पाहिलं त्यांनी.
"पुरुष असता तर खिळ्यानं ओरखडा काढला असता.
हे नेलपॉलिश आहे."

त्या बाईबद्दल पुढे आम्ही दोघंही बोललो नाही.
गिरणीचा पट्टा फटफटत होता.
"बाकी सगळं पुसा," मी म्हटलं, "तेवढं ठेवा."
ते तर कळलंच होतं त्यांना. पावती फाडत होते.

घरी शिंप्याचा टेप घेऊन मोजलं.
धानोरीतल्या माझ्या खोलीत सव्वासहा फूट म्हणजे
खिडकीपासून थेट शेगडीपर्यंत.
पाहुणा बसवायचा तर कुकरवर बसवावा लागेल.

तीन आठवड्यांनी त्यांनीच फोन केला.
गच्चीवर घेऊन गेले, वाळत घातलेल्या चादरींखालून वाकत.
"अनंत बांधायचं राहिलंय. पर्वतीचा कळस धर."
मी घासलेल्या काचेत मान घातली.
कळस आधी धुक्याचा, मग पिठाचा,
मग एकदम कळसाचा.
"थांब!" बारीक पेचकसानं तीन स्क्रू आवळले.
"अनंत चुकलं ना, की सहा फूटसुद्धा सहा राहत नाही."
हे त्यांनी बिल सांगावं तसं सांगितलं.
नंतर बिलही सांगितलं.

"तुमचा एक काढते," मी म्हटलं.
"माझा? आधार कार्डावर आहे की."
चाळीस वर्षं कॅमेरे उघडलेला माणूस
शर्टाचं वरचं बटण लावून स्टुलावर बसला,
परीक्षेला बसल्यासारखा.

दुकान जेमतेम चार फूट खोल.
ठिपका गाठायचा तर मला पायरी उतरून
रस्त्यावर जावं लागलं.
कॅमेरा पोटाशी, मान खाली, पाठीमागून हॉर्न.
रिंग फिरवली. श्रीखंडात चमचा फिरावा तशी फिरली,
ठिपक्यावर येऊन थांबली.
काचेत सगळं उलट : डावा कान उजवीकडे,
गिरणी झेरॉक्सच्या जागी.
ते डावीकडे झुकले की आत उजवीकडे झुकायचे,
मी चुकीच्या बाजूला सरकायचे,
असे आम्ही एकमेकांना थोडा वेळ हुकवत राहिलो.

मधून एक स्कूटर गेली.
मग पिठाचा डबा घेतलेली मुलगी, भुवया पांढऱ्या.
मग टेम्पो, फार सावकाश.
पुन्हा ते दिसले तेव्हा चेहरा मऊ होता, किंचित पुढे.
"मागे टेका," मी ओरडले. "अजून. तेवढंच."
आणि पापण्या आल्या, एकेक,
मोजता येतील अशा.

रोलवर एकच उरला होता.
मी श्वास धरला. गल्ली मोकळी होईना.
"काढलास का?" आतून आवाज आला,
"चहा निवतोय."