दीड इंच

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात
बारटक्के मास्तर बसतात. एक मशीन, एक आरसा,
आरशाच्या वर पाटी:
‘घाई असेल तर काल यायचं होतं.’

पिशवीतून सूट काढला.
राखाडी टेरीवूल, साल एक्क्याण्णव,
माझ्याच लग्नातला.
तेव्हा मी सत्तावन्न किलो होतो
आणि सगळ्यांचं ऐकायचो.

घालून दाखवा म्हणालेच नाहीत.
कोट उलटा केला,
बोटभर अस्तर उसवून चष्मा वर सारून बघितलं.
‘माया आहे याला,’ म्हणाले.
‘रेडिमेडला नसते. पाव इंच ठेवतात,
तीही ओव्हरलॉक खाऊन टाकतो.
इथे दीड इंच सोडलीय. कुणी शिवला?’
मला नाव आठवेना.

मग घातला. बटण काजापर्यंत पोचेना.
खडू पाठीवरून गेला, गार वाटला.
‘उजवा खांदा उतरलाय. मशीनवर होता?’
लेथवर. पिंपरीला. सव्वीस वर्षं.
‘पॅड टाकून सरळ दाखवू, की आहे तसा बसवू?’
हे मला डॉक्टरनंही विचारलं नव्हतं.
आहे तसा, म्हटलं.

‘श्वास ओढू नका. फोटोत ओढा हवं तर,
मापाला नको.’
सोडला.
‘आता हात पुढे. कुणाला जवळ घेतल्यासारखे.’
मी हात पुढे केले
पाण्याच्या टाकीचं माप दाखवावं तसे.
‘अजून.’
मागे कुठेतरी टाका तुटला.
‘बघा, इथे अडतंय.’

‘कार्य काय आहे?’
सही करायचीय. रजिस्ट्रारकडे, सोमवारी. मुलीचं.
मुलाचं आडनाव त्यांनी विचारलं नाही.
दोन वर्षं घरात मी
तेवढंच विचारत होतो.

शनिवारी सूट तयार.
पाठीच्या मधोमध, शिवणीच्या दोन्ही अंगांना
बोटभर गडद पट्टा.
‘तो मूळ रंग,’ मास्तर म्हणाले,
‘आत होता म्हणून राहिला. बाकीचा उडालाय.
प्रेसनं जायचा नाही. दिसणार.’
पाचशे दिले, पन्नास परत आले:
अस्तर तुमचंच वापरलं.

सोमवारी टेबलावर वाकून
साक्षीदाराच्या रकान्यात नाव लिहिलं,
पत्ता लिहिला, नातं लिहिलं.
पेन नीट चालत नव्हतं, नातं दोनदा गिरवावं लागलं.
बटण लावलेलंच होतं.

मग रेवती समोर येऊन उभी राहिली,
काय करावं न कळून हार हातात घेऊन.
हात किती पुढे घ्यायचे
ते मला नुकतंच कळलं होतं.

मागून तो मुलगा हळूच म्हणाला,
काका, कोटाला पाठीवर काहीतरी लागलंय.
राहू दे, म्हटलं.