अर्ध्या मीटरखाली

टावी नदीच्या वळणावर एक घर आहे,
नाव अनिस. वेल्श भाषेत बेट.
समुद्र तिथून कितीतरी मैल.
आसपास गवत, मेंढ्या,
आणि माझ्या पडद्यावर एक फिकट निळा डाग,
ज्याच्या मधोमध ते घर कोरडं.

म्हणजे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक होतं.
माझ्या कंपनीला ते कळायला
दोन उपग्रह आणि अकरा महिने लागले.

तिकाटण्यावर दुर्बीण लावून मी उंबऱ्याची उंची घेतली.
"किती निघाला?" केइनवेनबाईंनी विचारलं,
घरात कुणाचा ताप विचारावा तसं.
"पूरपातळीच्या वर एकवीस सेंटीमीटर.
शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या.
पण तो शंभर वर्षं थांबून येतो असं नाही हं,
दरवर्षी शंभरातली एक चिठ्ठी,
आणि काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात."
"मग आमचा डबा लहान असणार," त्या म्हणाल्या.
"माझ्या हयातीत तीनदा निघाली."

खाली दोल इसाव, खालचं कुरण.
उन्हाळ्यात गुरं, हिवाळ्यात हंस,
त्यापलीकडे कुणी तिथे काही केलेलं नाही.
आता अडतीस घरांचा प्रस्ताव आहे,
भराव सत्तर सेंटीमीटर.
भरावाने हटलेलं पाणी कुठे जाईल
या रकान्यात कुणीतरी लिहिलंय: लागू नाही.
नियोजन खात्यातला गेथिन बेब
आठवड्यात तीनदा फोन करून विनवतो,
'जोखीम आटोक्यात', एवढे दोन शब्द द्या.
पाणी मुरायला जागाच ठेवलेली नाही,
तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय.

केइनवेनबाईंनी मला गोठ्यात नेलं.
भिंतीवर नालेचे खिळे. दर पुरानंतर
त्यांचे वडील चिखलाच्या रेषेवर एक ठोकत,
शेजारी डांबराने साल.
मी एकेक मोजत गेले. माझी गणितं
खिळ्याला खिळा जुळत होती,
आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.
अशा वेळी माणूस शीळ घालतो, तशी मी घातलीही.

मग गुडघ्याच्या उंचीवर एक खिळा,
साल नसलेला.
बाकीचे गंजलेले, याचं डोकं मात्र लख्ख,
देवळाच्या उंबऱ्यासारखं, हात लागून लागून.
"हा नोंदवायचा राहिलाय," मी म्हटलं.
"विशेष काही नाही. त्रेचाळीस सेंटीमीटर."

"हो. लहानच होतं पाणी त्या वर्षी,"
त्या म्हणाल्या.
"इथेलही लहान होता."

मी पट्टी तशीच धरून राहिले.
माझ्याकडे तक्ता आहे, खोलीनुसार नुकसानीचा.
अर्ध्या मीटरखाली: किरकोळ.
गालिचा, खालचं प्लास्टर, फ्रिजची मोटर.
तो तक्ता मीच गेल्या वर्षी सुधारला,
दोन दशांश स्थळांपर्यंत.

"चहा गार होईल," त्या म्हणाल्या, आणि पुढे झाल्या.
जाताना बोट खिळ्यावरून गेलं,
न बघता, दिव्याचं बटण सापडावं तसं.

परतताना कुरणात थांबले.
मोजणीवाल्यांनी खुंट्या रोवल्यात,
प्रत्येकीला नारिंगी फीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर फडफडणारी.
अडतीस दारं, अडतीस उंबरे,
त्यातल्या काही घरांत नुकती पावलं टाकणारी.
गेथिनचा फोन वाजत राहिला.

गाडीत बसून नोंद पूर्ण केली.
खिळा क्रमांक सात. खोली शून्य पूर्णांक त्रेचाळीस.
साल: विचारलं नाही.
नुकसान या रकान्यातला 'किरकोळ' खोडला,
दुसरा शब्द यादीत नव्हता.
मोजपट्टी गुंडाळण्याआधी पुसून घेतली.
ती कोरडीच होती.