पोटखराबा

सात-बाऱ्यावर या टेकडीला एकच शब्द :
पोटखराबा.
म्हणजे पीक नाही, आकारणी नाही,
सरकारचं तिच्याकडे काही येणं नाही.
शंभरेक वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने बोरूने लिहिला
आणि टेकडी त्या शब्दाखाली निवांत पडून राहिली
डबक्यातल्या म्हशीसारखी.

आता अर्ज आलाय. गौण खनिज. मुदत पाच वर्षं.
अंदाजे दोन लाख ब्रास.
मोजणीला मी.
बोरिवलीहून रिक्षा, रिक्षात तिपाई, यंत्र, रंगाचा डबा,
शेवटच्या टॉवरमागे रस्ता संपतो
तिथून पायी.

टॉवरच्या कुंपणाला लागूनच भाताची खाचरं. सात.
पायऱ्यांसारखी. बांध दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले.
वर ताडांची रांग, मग कातळात कोरलेलं टाकं.
कुणी भिक्षू प्यायले असतील, कुणी गुराखी,
आज त्यात एक बेडूक आणि थोडे ढग.

‘थांब,’ म्हणाली जमनी वरठा.
(वय विचारलं तर सांगते : कारवी नऊदा फुललेली पाहिली.)
तिला यंत्राच्या काचेतून बघायचं होतं.
नियमात बसत नाही. दिलं.
बराच वेळ डोळा लावून राहिली.
‘यातून उलटं दिसत नाही रे,’ म्हणाली,
‘मग तुम्हांला कसं दिसतं?’

मी हिशोब समजावला. लांबी, रुंदी, उंची.
शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास.
‘खाचरांचे किती?’
धरलेली नाहीत.
‘टाक्यातलं पाणी?’
तेही नाही.
‘आणि वाघोबा? वाघोबा किती भरंल?’
वाघोबा माथ्यावर, गुडघ्याएवढा, अंगावर शेंदराची जाड साल.
मी मनातल्या मनात आकडा केला.
आला.
सांगितला नाही.

पलीकडे अशीच एक टेकडी होती माझ्या लहानपणी.
दुपारी दोनला भोंगा व्हायचा, आई फळीवरच्या कपबशा हातांनी धरायची,
मग सुरुंग,
मग पिण्याच्या पाण्यावरची बारीक, करडी साय.
आता तिथे खड्डा आहे, हिरव्या पाण्याचा.
आणि ती टेकडी आहे आमच्या इमारतीच्या जोत्यात,
माझ्या पलंगाच्या बरोबर खाली, चार मजले.
कोणत्या तोंडाने सांगू कुणाला
की दगड काढू नका?

कचेरीत जुनं टिपण काढलं. कागद पापडासारखा.
त्या कारकुनाने साखळी टाकून सगळं मोजलं होतं :
खाचरं, पायवाट, टाकं, ताडसुद्धा,
आणि मग वर तो शब्द लिहिला होता. का, कोण जाणे.
घाईत असेल. ऊन असेल.
पण माथ्यावर, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथे,
एक बारीक त्रिकोण.
हद्दीचा दगड. हलवला तर गुन्हा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो.
शेंदूर नखाने जरासा खरवडला.
जमनी दुसरीकडे बघत उभी राहिली,
मुद्दाम.
आत छिन्नीची खूण. त्रिकोण.
म्हणजे कारकुनाने देवावर खूण केली
की पाड्याने खुणेचा देव केला,
यातलं आधी काय, ते कुठल्याच दप्तरात नाही.

अहवालात लिहिलं : भूमापन चिन्ह जागेवर, सुस्थितीत.
शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली होती.
लिहीत गेलो :
खाचरे सात, वहिवाटीत. टाके एक, पाणी आहे.
पायवाट चालू. ताड बावीस.
अक्षर बारीक करत करत समासापर्यंत गेलो.
पोटखराबा या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली,
शाईने मारायचं धाडस झालं नाही.

साहेब चष्मा कपाळावर चढवतील.
‘शेलटकर, एवढं कुणी विचारलं होतं?’
एका दगडाने डोंगर अडतो का, मलाही माहीत नाही.
त्याच्याभोवती गोल सोडून बाकीचं उकरतीलही,
आणि मध्ये उभा राहील वाघोबा, खांबावर,
चारही बाजूंनी हवा.

फाइल बांधताना पाहिलं,
नखात शेंदूर राहिला होता.
कोपऱ्यावर ठसा उमटला.
रुमालाने पुसायला गेलो,
तर पसरला.